टाकीमागचा ड्रम

भोईटे सर माझ्या फुटक्या कुकरमधल्या पुदिन्याचं पान चुरगळून वास घेत होते, तेवढ्यात गोदाक्का जिना चढून गच्चीवर आली. हातात तेलाचा पत्र्याचा डबा, डब्यात घेवड्याची तीन रोपं, आणि तिन्ही रोपांनी माना टाकलेल्या.

“वैनी, जरा बगा की वो. सकाळपास्नं अशीच झाल्यात.”

“अक्का, पाहुणे आलेत ना. नंतर ये,” मी म्हणाले. म्हणताना हसलेही, कारण परीक्षक बघत होते.

“येऊ द्या की,” भोईटे सर म्हणाले. “बघू काय झालंय.”

शेतकी खात्यातून निवृत्त झालेला माणूस तो. आजारी रोप दिसलं की स्पर्धाबिर्धा विसरणारा. त्यांच्यासोबत आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा पाटणकरबाई होत्या. त्यांनी वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि त्याही डब्याकडे वळल्या. गोदाक्का मात्र दोघांकडेही न बघता माझ्याकडेच बघत होती. तिचा डॉक्टर मी होते ना.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडात आमच्या पेठेतल्या मंडळानं ‘बिनखर्चाची बाग’ अशी स्पर्धा ठेवली होती. बी-बियाणं सोडून काहीही विकत आणायचं नाही, एवढाच नियम. कुंडी विकतची नको, माती नको, खत नको, औषध नको. ही स्पर्धा माझ्यासाठीच आहे असं सगळे म्हणत होते आणि मला ते पटत होतं. माझ्या गच्चीवर काय नव्हतं? गळक्या बादल्यांत वांगी, सिमेंटच्या पोत्यांत अळू, द्राक्षांच्या थर्माकोलच्या खोक्यांत पालक, जुन्या वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये चक्क पपई. तळाला नारळाच्या शेंड्या, वर उसाचं पाचट, त्यावर घरातला ओला कचरा. आणि सगळ्यांवर उतारा म्हणजे जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि वडाखालची मूठभर माती निळ्या ड्रममध्ये कालवायची आणि सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायची.

दर शनिवारी मी गच्चीवर वर्ग घेत असे. बायका बाटल्या घेऊन यायच्या आणि त्या जीवामृताचं विरजण न्यायच्या. ते मी माझ्या हातानंच द्यायचे. ओळीत उभं करून, एकेकीला डावानं मोजून. ड्रमला कुणी परस्पर हात लावायचा नाही असा माझा दंडक होता. स्थानिक पेपरात माझा फोटो आला होता, ‘कचऱ्याचं सोनं करणाऱ्या शेटे वहिनी’. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी फांदी पकडून बसले.

गोदाक्का आमच्या घरामागच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायची. नवरा लाकडाच्या वखारीवर राखणदार, ही एका खाणावळीच्या भाकऱ्या थापायची. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी, पण मी तिला अगं-तुगं करायचे आणि ती मला अहो-जाहो. मूळची पाटण खोऱ्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीतली, झोरे आडनावाची. खरं सांगायचं तर वर्गात मी जे शिकवायचे त्यातलं निम्मं तिच्याकडून उचललेलं होतं. माव्याच्या किडीवर चुलीतली राख टाकायची, आंबट ताक फवारायचं, घेवड्याचा शेंडा कधी खुडायचा. ती सहज बोलून जायची आणि शनिवारी मी सांगायचे, “माझं निरीक्षण असं आहे बरं का...” ती मागच्या ओळीत बसून मान डोलवायची.

तिच्याकडे पावडरच्या डब्यात राखेत ठेवलेलं एक बी होतं. घेवड्याचं. तांबडं, आणि कडेला पांढरा ठिपका. तिच्या आईचं बी. वाडीतली माणसं एकेक करून खाली उतरली, रानडुकरांनी शेतं उकरली, शेवटपर्यंत तो घेवडा लावायची ती एकटी म्हातारी. ती गेली तेव्हा गोदाक्कानं माहेराहून आणलं ते एवढंच. चार वर्षं ती तो डबा उघडून नुसती बघायची.

“पेरलं आन् वाया गेलं तर वो वैनी?”

“अगं, डब्यातलं बी दर वर्षी मरतच असतं,” मी तिला सुनावलं होतं. “अजून दोन वर्षांनी एकही उगवणार नाही. सगळं पेर. एकदम पेर. मी आहे ना.”

तिनं सगळं पेरलं. सदतीस बिया. त्यातल्या अकरा उगवल्या. रोज सकाळी भाकऱ्यांना जायच्या आधी ती खालून हाक मारून मला सांगायची, “वैनी, आज तिसरं पान आलं!” पहिल्या वर्षी एकही शेंग खायची नाही, सगळी बियाला ठेवायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आईचा घेवडा जगात आता फक्त त्या पाच डब्यांत होता आणि हे तिच्याइतकंच मलाही माहीत होतं.

आता ड्रमचं सांगते. सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगते.

स्पर्धेला तीन आठवडे उरले आणि माझा पालक पिवळा पडला. मिरच्या रुसल्या. जीवामृत घाल, ताक घाल, काही केल्या काही होईना. बाग अशी रोडावलेली दाखवायची म्हणजे माझं नाक कापलं जाणार. माझे चुलत दीर बसवराज, त्यांचं खताचं दुकान. मी त्यांना गाठलं. त्यांनी तीन किलो युरिया मुलाच्या शाळेच्या दप्तरातून घरी पोचवला आणि हसत म्हणाले, “वहिनी, बिनखर्चाचंच आहे हो. मी कुठं पैसे घेतले?” मीही हसले. पाण्याच्या टाकीमागे एक छोटा काळा ड्रम होता. त्यात मी तो विरघळवला आणि वरून निळ्या ड्रममधलं जीवामृत ओतलं, म्हणजे कुणी झाकण उघडलं तरी वास शेणाचाच यावा. त्यातलं वाटीभर घ्यायचं आणि बादलीभर पाण्यात मिसळून घालायचं. बसवराज भाऊजींनी बजावलं होतं, “चुकून जास्त पडलं तर घाबरू नका. लगेच भरपूर पाणी सोडा. मुळातून धुऊन निघतं, रोप वाचतं. वेळ मात्र घालवायचा नाही.”

दहा दिवसांत माझी बाग अशी काळीभोर हिरवी झाली, की येणारा-जाणारा बघत राहायचा.

तर त्या दिवशी भोईटे सरांनी गोदाक्काचा डबा कठड्यावर ठेवला आणि चष्मा सारखा केला.

“कडा करपल्यात. खत जास्त झालंय, बाई. काय घातलंत? युरिया?”

तो शब्द ऐकताच मी टाकीकडे बघायचं टाळलं.

“न्हाई वो सायेब. इकतचं खत कुटनं आननार आमी? वैनींचं जीवामृत घातलं. काल सांजच्याला. एक तांब्या त्ये आन् धा तांबे पानी. वैनी सांगत्यात तसंच.”

काल शनिवार नव्हता. काल संध्याकाळी मी घरीच नव्हते. स्पर्धेला नवीन ब्लाउज हवा म्हणून शिंप्याकडे बसले होते. गच्चीचं दार नेहमीसारखं उघडंच होतं.

“दाखवा बरं तुमचं जीवामृत,” सर मला म्हणाले.

गोदाक्काची नजर टाकीकडे वळली. मी ती पाहिली. आणि मी झटकन पुढे होऊन निळ्या ड्रमचं झाकण काढलं. “हे बघा सर.” असं करताना मी सरांच्या आणि टाकीच्या मधोमध उभी राहिले. मुद्दाम.

सरांनी बोट बुडवून वास घेतला. “उत्तम जमलंय.” मग गोदाक्काकडे वळून म्हणाले, “यातलंच घेतलंत ना?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली बघितलं. तिचे कान लाल झाले होते.

“व्हय,” ती पुटपुटली. “ह्यातलंच.”

ती खोटं का बोलली ते मला तेव्हा कळलं नाही. कळून घ्यायला सवडही नव्हती. माझं पितळ उघडं पडलं नाही, एवढाच आनंद मला त्या क्षणी झाला.

“मग खताचं नाही,” सर विचारात पडले. “जीवामृतानं रोप असं करपत नाही. शेटे मॅडम, तुमचं मत काय?”

काय करायला हवं ते मला माहीत होतं. बादल्याच्या बादल्या पाणी. डबा तिरका करून खालच्या भोकांतून धो धो वाहू द्यायचं. आत्ता, या घटकेला. पण पाणी घाल म्हटलं, की सर विचारणार, का? काय धुवायचंय? मग मी काय सांगणार होते? पाटणकरबाईंचं पेन वहीवर टेकलेलं होतं.

“पाणी जास्त झालंय,” मी म्हणाले. माझा शनिवारचा आवाज लागला, तोच ठासून बोलायचा. “मुळं गुदमरलीत. तीन दिवस पाणी पूर्ण बंद ठेवायचं, अक्का. माती कोरडी होऊ दे.”

“हं,” सर म्हणाले. “तेही असू शकतं. पटतंय.”

“थ्येंबभर बी न्हाई?” गोदाक्कानं विचारलं.

“थेंबभरही नाही. सगळ्या डब्यांना.”

“बरं झालं बाई इचारलं,” ती म्हणाली. “म्या तर आत्ता बादली भरून ठिवली हुती, घालावं म्हनून.” आणि डबा छातीशी धरून ती जिना उतरून गेली.

तिची बादली भरलेली होती. हे ती माझ्या तोंडावर सांगून गेली आणि मी सरांना पपई दाखवायला पुढे निघाले.

परीक्षक गेले की खाली जायचं, तिला सांगायचं, असं मी ठरवलं होतं. युरियाचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. “माझा अंदाज चुकला अक्का, पाणी घाल,” एवढं म्हटलं की झालं. पण परीक्षकांना पोहे दिले, चहा दिला. जाताना पाटणकरबाई दारात थांबून कानात म्हणाल्या, “सरांना तुमचं निदान फार आवडलं बरं का. रविवारी चांगली साडी नेसून या.” मग वाटलं, आज सांगितलं आणि गोदाक्का कुणाजवळ बोलली, की वहिनींनी आधी एक सांगितलं, मग दुसरंच सांगितलं, तर? भाकऱ्या थापताना बायका काय कमी बोलतात? रविवार दोन दिवसांवर होता. दोन दिवसांनी काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावलं. काय बिघडतं ते मला बसवराज भाऊजींनी चांगलं सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीचा पाऊस आला. आधी ढग, मग टपोरे थेंब, आणि पाहता पाहता मुसळधार. मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर धावले. कठड्यावरून मागची बाजू दिसते. गोदाक्का डोक्यावर पोतं घेऊन अंगणात पळत होती. पाचही डबे पावसात होते. एकेक डबा उचलून ती वळचणीखाली नेत होती. वळचण अपुरी पडली तशी तिनं आतून प्लास्टिकचा कागद आणला आणि डब्यांवर धरून उभी राहिली.

तिचा नवरा दारात बिडी ओढत बसला होता. तो ओरडला, “आगं, ऱ्हाऊ दे की पावसात! झाडाला काय पाऊस लागतुय व्हय?”

“तुमी गप बसा,” ती म्हणाली. “वैनींनी सांगितलंय, थ्येंबभर बी न्हाई.”

मी वर उभी होते. ‘राहू दे गं अक्का’ असं वरून ओरडले असते तरी पुरे होतं. पाऊस मुळापर्यंत गेला असता आणि सगळं धुऊन निघालं असतं. वरून दिसत होतं, सहा-सात रोपं अजून ताठ होती. मला तोंडही उघडायचं नव्हतं, नुसता हात हलवला असता तरी ती थांबली असती, इतका तिचा माझ्यावर विश्वास. आणि मी काय केलं? कपडे गोळा केले आणि जिन्याचं दार ओढून घेतलं.

युरियाची मला आज फारशी लाज वाटत नाही. गावभरचे शेतकरी घालतात, मी घातला. त्या पावसाची वाटते. देवानं वरून औषध पाठवलं आणि ती बिचारी माझ्या शब्दाखातर ते परतवून लावत होती. मी बघत होते, पुरतं बघत होते, आणि मनात हिशेब करत होते की उद्या रविवार आहे.

रविवारी पहिलं बक्षीस मला मिळालं. शाल, नारळ आणि पितळी झारी. भाषणात भोईटे सर म्हणाले, “यांची बाग तर सुंदर आहेच, पण शेजारणीचं रोप आजारी पडलं तर हातातलं काम टाकून तिला सल्ला देणारी ही बाई आहे.” टाळ्या झाल्या. गोदाक्का सतरंजीवर पुढेच बसली होती. तिनं सगळ्यांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवल्या.

पुढे मी त्या घेवड्याचा पुष्कळ शोध घेतला. पाटणच्या बाजाराला कितीतरी वेळा गेले, डोंगरावरून उतरणाऱ्या बायकांना गाठलं. तांबडा, कडेला पांढरा ठिपका. कुणी तांबडा दाखवायची, कुणी ठिपक्यांचा काळा. एक म्हातारी म्हणाली, “हुता बया तसा, आमच्या लहानपनी.” त्या वर्षापासून मी शनिवारचा वर्ग बंद केला. गुडघे दुखतात असं सगळ्यांना सांगितलं. गुडघे तेव्हा ठणठणीत होते. गोदाक्काचा नवरा पुढच्याच वर्षी वारला आणि ती मुलीकडे कुठंतरी विट्याच्या बाजूला गेली. पत्ता मी मागितला नाही. मागितला असता तर जावं लागलं असतं.

पण जायच्या कितीतरी आधी, त्या बक्षिसाच्या दुसऱ्याच दिवशी, ती माझ्या दारात आली होती. दुपारची वेळ. मी एकटीच होते. ती उंबऱ्याच्या आत येईना. हातात ते पाच डबे, एकात एक घातलेले, घासूनपुसून लख्ख केलेले.

“समदी गेली वैनी,” ती म्हणाली. “अकराच्या अकरा. डबं तुमास्नी लागत्याल म्हनून आनलं.”

“आत तरी ये, अक्का.”

“न्हाई. मला आदी बोलू द्या.” तिनं डबे खाली ठेवले आणि पदर खांद्यावर घट्ट ओढला. “माजं चुकलं. म्या सायबाम्होरं खोटं बोल्ले. निळ्या डरमातलं न्हवतं त्ये. त्या दिशी तुमी शिंप्याकडं गेल्तासा. मला वाटलं, पाच डब्यांफुरतं तर पायजे, कुटं वाट बगत बसू? निळ्याला हात लावायचा तर भ्या वाटलं, तुमची मोजदाद असती. म्हनून टाकीमागल्या बारक्या डरमातनं तांब्याभर घेतलं. न इचारता. चोरून.”

मी खालच्या डब्यांकडे बघत राहिले.

“माजी आय सांगायची, इरजान मागून घ्यावं. न इचारता घेतल्यालं लागत न्हाई. तिचंच बी, आन् तिचंच सांगनं म्या मोडलं. तुमी सल्ला बरुबर दिल्ता. म्या थ्येंबभर पानी घातलं न्हाई, पावसात बी भिजू दिलं न्हाई. पन चोरीचं कसं लागंल? चार दीस मला जेवान ग्वाड लागंना. तुमच्या नदरंला नदर कशी देऊ? काल समद्यांनी तुमचं कवतिक क्येलं, आन् म्या चोर म्होरं बसून टाळ्या वाजिवतीया.”

आणि ती वाकली. माझ्या पायांना हात लावायला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी बाई.

मी पाय मागे घेतले नाहीत. सांगायची वेळ तीच होती, त्याच्यासारखी दुसरी कधीच आली नसती. घरात कुणी नव्हतं. बक्षीस मिळून गेलं होतं, ते परत मागायला कुणी येणार नव्हतं. ‘अक्का, चोर तू नाहीस’ एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडात ते शब्द आले होते, अगदी ओठांवर. तिच्या हातांवर तव्याचे चटके होते, ते हात माझ्या पावलांवर होते, आणि मी वर भिंतीकडे बघत होते.

मग मी तिला खांद्याला धरून उठवलं.

“वेडी का काय तू?” मी म्हणाले. “एवढ्याशा गोष्टीसाठी रडतात का? केलं माफ. पुढच्या वेळी मात्र विचारत जा हं.”

गोदाक्कानं पदरानं तोंड पुसलं. चार दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळं हसली.

“लई मोटं मन हाय वैनी तुमचं,” ती म्हणाली.

ते मी ऐकून घेतलं.